‘नर, वय १० महिने, देणे आहे’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रविवारी छोट्या जाहिराती येतात. निवृत्त झाल्यापासून पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढायची सवय लागली आहे, त्यात त्याही वाचून होतात. जुन्या दुचाक्या, भाड्याच्या खोल्या आणि एका कोपऱ्यात पाळीव प्राणी. ऑक्टोबरपासून त्या कोपऱ्यातली एकेक जाहिरात मी कात्रीनं कापून गॅसच्या पुस्तकात ठेवत गेलो. नऊ जमल्या. ‘लॅब्रॅडॉर, नर, वय १० महिने, बदलीमुळे देणे आहे.’ ‘जर्मन शेफर्ड, मादी, वय ११ महिने, जागेअभावी.’ ‘चांगल्या घरी मोफत, वय ९ महिने.’ नवांपैकी आठ कुत्री सात ते चौदा महिन्यांच्या आतली निघाली. दोन महिन्यांचं पिल्लू कुणी फुकट देत नाही आणि पाच वर्षांचं कुत्रंही कुणी असं देऊन टाकत नाही. मग सगळ्यांच्या बदल्या नेमक्या कुत्र्याच्या दहाव्या महिन्यातच कशा होतात?

उत्तर मला ठाऊक आहे, कारण असंच एक कुत्रं जाहिरात न येताच आमच्या दारात आलं. त्याबद्दल लिहितो. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर कुठं कापायचं ते आपण ठरवा, फक्त खोंडाचा मजकूर ठेवा.

मी एस. टी.त ३१ वर्षं चालक होतो. करूळ, फोंडा, आंबा हे तिन्ही घाट इतक्या वेळा चढलो-उतरलो की वळणं अजून झोपेत येतात. आता कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात आम्ही दोघं, थोरला मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू असे राहतो. गेल्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस लागला त्याच आठवड्यात, एका ओळखीच्यांचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, नवरा-बायको दोघंही नोकरीला. ‘काका, तुमचं घर तळमजल्याचं, मागं अंगण आहे. चांगलं आहे हो कुत्रं, फक्त थोडं अवखळ आहे.’ त्या ‘थोडं’ शब्दाचा अर्थ मला पुढं कळला.

आठ महिन्यांचं कुत्रं. आई लॅब्रॅडॉर. बाप कोण ते सांगता येईना, पण लांब पाय आणि आत गेलेलं पोट बघून शेजारी म्हणाले, कारवान असणार. आपल्याकडं कारवान म्हणतात तेच सीमेपलीकडं कर्नाटकात मुधोळ. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जात जोपासली हे जुन्या माणसांना ठाऊक असेल. म्हणजे आमच्या वाट्याला लॅब्रॅडॉरची भूक आणि मुधोळचे पाय आले. सोबत एक फाटका चेंडू, अर्धं पोतं खाद्य आणि लसीचं पुस्तक. नाव ब्रूनो. आमच्या मंडळींनी पहिल्याच संध्याकाळी त्याचा बुरण्या केला, तो आजतागायत बुरण्याच आहे.

पहिले तीन दिवस तो कॉटखालून बाहेर आला नाही. रात्री सगळे झोपले की भाकरी-दूध चाटून पुन्हा आत. मंडळी म्हणाल्या, ‘गरीब आहे बिचारं.’ मीही फुशारलो, की बघा, माझ्या हाताचा गुण. तिसरा आठवडा उजाडला आणि त्या गरिबानं अंगणातलं तुळशीचं रोप उपटलं, सुनेच्या ऑफिसच्या पर्सचा बंद तोडला, आणि रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला अंगात आल्यासारखा सोप्यातून मागच्या दारी, मागच्या दारातून सोप्यात असा सुसाट सुटायला लागला. वाटेत नातू आला तर त्याच्या बाहीला दात. जनावरांच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, नव्या घरी आलेल्या कुत्र्याचा हिशेब तिनाचा असतो. तीन दिवस बावरलेलं असतं, तीन आठवड्यांनी घर कळतं आणि मूळ रंग दिसतो, तीन महिन्यांनी हे आपलंच घर असं त्याला वाटायला लागतं. ‘तुम्ही आता दुसऱ्या टप्प्यावर आहात, काका.’

त्या टप्प्यातली सगळ्यात मोठी हानी म्हणजे माझी कापशीची चप्पल. जोडीतली एकच खाल्ली, तीही डावी. मी खूप तापलो होतो. नंतर डोकं शांत झाल्यावर पटलं, की बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, वर माझ्या पायाचा वास, ते उंबऱ्याशी जमिनीवर ठेवलेलं. त्याच्या जागी कुणीही असता तरी खाल्लं असतं. चुकलं असेल तर ठेवणाऱ्याचं. त्या दिवसापासून चपला कपाटात, आणि बुरण्याला चावायला हक्काचं वेगळं सामान. थंड केलेलं अख्खं गाजर, जुन्या धोतराच्या जाड गाठी. दात बदलून झाले की चावणं थांबतं अशी माझी समजूत होती. तसं नाही, वर्षाच्या आसपास पुन्हा एक हंगाम येतो.

आता माझी पहिली मोठी चूक. मला वाटलं, पोराला रग आहे, ती जिरवली की झालं. पहाटे पाचला उठून मी त्याला रंकाळ्याला न्यायला लागलो. संध्यामठाकडून निघायचं, टॉवरपर्यंत धावत जायचं आणि धावतच परत. पहिल्या आठवड्यात मी मेल्यासारखा झोपायचो आणि बुरण्या अंगणात उभा राहून पुढच्या फेरीची वाट बघायचा. महिनाभरात त्याच्या मांड्या दगडासारख्या झाल्या आणि संध्याकाळचा धिंगाणा दुप्पट झाला. तालमीच्या गावात राहून ही गोष्ट माझ्या लक्षात यायला नको होती का? रोज जोर-बैठका मारायला लावल्या तर पोरगं थकून गप्प पडत नाही, पैलवान होतं. मी घरात पैलवान तयार करत होतो.

पलीकडच्या गल्लीतल्या एकानं याच्याही पुढचा सल्ला दिला, की गाडीला बांधून पळवा, शर्यतीची कुत्री तशीच तयार करतात. नशीब, मी आधी डॉक्टरांना विचारलं. ते पहिल्यांदाच चिडून बोलले. मोठ्या चणीच्या कुत्र्याची हाडं वर्ष-दीड वर्षापर्यंत टोकांना वाढत असतात, तिथली कूर्चा कच्ची असते. त्या वयात डांबरी रस्त्यावर गाडीच्या वेगानं पळवलं तर सांधे जन्माचे जातात. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर मंडळींचा विश्वासच बसला नाही, ते म्हणजे याला झोप कमी पडतेय. या वयाचं कुत्रं दिवसाचे सोळा तास सहज झोपतं, झोपलं पाहिजे. आमच्याकडं नातू शाळेतून आला की खेळ, मुलगा आला की खेळ, शेजारची पोरं आली की खेळ. सातला अंगात यायचं ते रग म्हणून नव्हे, पेंगुळलेलं लेकरू जसं किरकिर करतं तसं. दुपारी जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत बारदान टाकून आम्ही त्याला तिथं नेऊन बसवायला लागलो, आणि त्या वेळात कुणी त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही असा नियम केला. सर्वांत जास्त वेळा तो नियम मी मोडला.

धावणं कमी केलं आणि डोक्याचं काम वाढवलं. सकाळचं खाणं ताटलीत देणं बंद. भाकरीचे तुकडे बारदानाच्या घड्यांत लपवायचे आणि त्यानं नाकानं शोधून काढायचे. पंधरा मिनिटं हे झालं की जो आडवा पडतो तो दहा वाजेपर्यंत. रंकाळ्याची अख्खी फेरी जे करत नव्हती ते एका बारदानानं केलं.

आता खोंडाची गोष्ट. माझे वडील भोगावतीकाठचे शेतकरी. आमच्या गोठ्यात दर दोन-तीन वर्षांनी एखादं खोंड कामाला लावायचं असायचं. वडिलांनी खोंडाला एकदम कधी औताला जुंपलं नाही. आधी नुसतं दावं धरून बांधावरून फिरवायचे. मग एका बाजूला जाणता बैल आणि दुसऱ्या बाजूला खोंड, असं नुसतं जू मानेवर ठेवून मोकळंच चालवायचे, मागं काही ओढायला नाही. खोंड उधळलं तर वडील तिथंच उभे राहायचे, शिवीसुद्धा नाही. दहा पावलं नीट चाललं की पाठीवर थाप आणि मूठभर पेंड. आणि पेरणीच्या घाईत नवं खोंड कधी काढायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मला आठवतं, एकदा एक खोंड चांगलं शिकलं होतं, दोन महिने सरळ चाललं होतं, आणि एक दिवस मध्येच सगळं विसरल्यासारखं वागायला लागलं. जू बघितलं की मान फिरवायचं. मी वडिलांना म्हटलं, हे बिघडलं, विकून टाकू. ते म्हणाले, ‘बिघडलं न्हाई, वयात आलंय. चार म्हयनं थांब.’ बाजारात त्याला घेऊन जाणारे असतात, म्हणाले, आणि त्याच्या पुढच्या मालकाला फुकटात चांगला बैल मिळतो. तो बैल आमच्याकडं अकरा वर्षं होता. आपल्या जाहिरातींच्या कोपऱ्यात जे विकायला निघालंय ते हेच खोंड आहे.

हे गोठ्यातलं शहाणपण आता प्रयोगानंही सिद्ध झालंय, असं माझी पुतणी सांगते. ती शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. बुरण्या माझं ऐकत नाही पण दूधवाल्यानं ‘बस’ म्हटलं की लगेच बसतो, अशी तक्रार मी तिच्याकडं केली. ती हसून म्हणाली, ‘तात्या, हे तर छापून आलंय.’ ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात ते मांडलं. अंधांना सोबत करायला तयार होणारी कुत्री त्यांनी घेतली. पाच महिन्यांची असताना आणि पुन्हा आठ महिन्यांची झाल्यावर त्यांना बसायला सांगितलं. आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्या माणसाचंच ऐकेनाशी झाली, परक्यानं सांगितलं तर मात्र ऐकत होती. वर्षाची झाली की पुन्हा ताळ्यावर. म्हणजे घरच्यांशीच भांडायचं आणि शेजाऱ्यांकडं शहाण्यासारखं वागायचं. माझ्या थोरल्यानं नववीत हेच केलं होतं.

‘बस’वरून आठवलं. आधीच्या घरी त्याला ‘सिट’ आणि ‘नो’ येत होतं. ‘नो’ त्यानं दिवसातून इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याला ते स्वतःचं दुसरं नाव वाटायचं, ‘नो’ म्हटलं की शेपूट हलवत यायचा. म्हणून मी सगळं नव्यानं मराठीत सुरू केलं, ‘बस’पासून. दूधवालाही माझं ऐकून ऐकून तेच म्हणायला लागला. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, ती म्हणजे आमचं घर एस. टी.वाल्याचं. संध्याकाळी जुने सहकारी कट्ट्यावर येतात. ‘ती राधानगरीची बस आठवते का?’ बुरण्या बसला. ‘अरे, ती बस नव्हे, तिच्या मागची.’ उठलेला पुन्हा बसला. एका गप्पांत त्या बिचाऱ्यानं वीस-पंचवीस बैठका मारल्या, आणि एकाही बैठकीला फुटाणा नाही. चौथ्या दिवसापासून त्यानं या शब्दावरचा विश्वासच सोडला. आता आम्ही ‘टेक’ म्हणतो, बूड टेक यातलं. घरात सगळ्यांनी एका गोष्टीला एकच शब्द वापरायचा, हे मंडळींना आणि सुनेला पटवायला मात्र बुरण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

फुटाणे, उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे, कधी बिनमिठाचं चिकन, हे माझ्या शर्टाच्या खिशात कायम असतं. त्यावरून कट्ट्यावर टीकाही होते, की खाऊ घालून लाडावतोय, दोन फटके द्या. मी त्यांना आपल्याच संस्थानाची आठवण देतो. कोल्हापुरात चित्ते पाळून शिकार व्हायची, चित्त्याला माणसाळवणारे चित्तेवान इथं राहायचे. चित्त्यानं काळवीट धरलं की तिथल्या तिथं त्याचा वाटा त्याला द्यायचे, मग तो माघारी फिरायचा. चित्त्याला फटके देऊन बघा म्हणावं! कुत्रं मार खाऊन घेतं, एवढाच काय तो फरक. फक्त खाऊ द्यायची वेळ साधावी लागते. टेकलं की लगेच, त्याच क्षणी. खिशात चाचपडत चार सेकंद घालवले तर तोवर तो उठून उभा राहिलेला असतो आणि आपण उभं राहण्याचं बक्षीस देऊन बसतो.

फटक्यांबद्दल मी एवढ्या ठामपणे लिहितो, कारण मी ते दिले आहेत. श्रावणातली गोष्ट. रात्री गंगावेशीकडून येत होतो. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, धारा काढणं चालू होतं, पेल्यातलं फेसाळ दूध प्यायला माणसं थांबलेली. बुरण्यानं मान मागं खेचून पट्ट्यातून डोकं सोडवलं आणि थेट म्हशींच्या पायांत. एक म्हैस बुजली, चरवी लवंडली, माणसं ओरडली. मी शिव्या देत हाका मारतोय आणि तो मला खेळ समजून गोल गोल पळतोय. शेवटी दमून मी पाठ फिरवली आणि घराच्या दिशेनं चालू लागलो, तर पन्नास पावलांवर आपणहून मागं आला. आणि आल्यावर मी त्याला मारलं. चपलेनं, दोनदा. सांडलेल्या दुधाचे पैसे दिले, गवळ्याची माफी मागितली, तो उलट मलाच म्हणाला, ‘असूं द्या मामा, पोर हाय.’

त्यानंतर तीन आठवडे बुरण्या हाकेला आला नाही. अंगणातसुद्धा नाही. दोन हातांच्या अंतरावर येऊन उभा राहायचा आणि माझ्या हाताकडं बघायचा. त्याच्या हिशेबानं त्यानं मार पळाल्याबद्दल खाल्ला नव्हता, परत आल्याबद्दल खाल्ला होता. या सहा-सात महिन्यांत माझ्याकडून जे काही चुकलं त्यात हे सगळ्यात वाईट, आणि ते निस्तरायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

निस्तरलं ते कासऱ्यानं. लक्ष्मीपुरीतून सुती कासरा आणला, तीस-पस्तीस फुटांचा. तो गळ्याच्या पट्ट्याला बांधायचा नाही, पळता पळता हिसका बसला तर मानेला इजा होते. छातीवरून येणारा पट्टा मिळतो त्याला बांधायचा. पाऊस उघडला की पहाटे गांधी मैदानात जायचं. पाऊस असला की तिथं नुसता राडा, मग अंगणच. कासरा जमिनीवर लोळत ठेवायचा आणि त्याला हवं तिथं हुंगत फिरू द्यायचं. मध्येच एकदा ‘ये’ म्हणायचं, एकदाच. आला तर अंड्याचा तुकडा आणि लगेच पुन्हा मोकळा. नाही आला तर ओरडायचं नाही, आपण उलट्या दिशेला चालायचं. हाक मारून त्याला कधीही घरी न्यायचं नाही, नखं कापायची नाहीत, अंघोळ घालायची नाही. त्या कामांना आपण त्याच्याजवळ जायचं. दिवाळीपर्यंत दहातल्या सात-आठ हाकांना यायला लागला. समोरून मांजर गेलं तर मात्र अजूनही शून्य. मुधोळचं रक्त डोळ्यांनी पाठलाग करतं, त्या वेळी कान बंद असतात. म्हणून रस्त्यावर मी त्याला कधीच मोकळा सोडत नाही, पुढंही सोडणार नाही.

साखळी ओढण्यावर उपाय सोपा आहे, पण करणाऱ्याचा अंत बघतो. त्यानं ओढलं की आपण झाडासारखं उभं राहायचं. दोर सैल झाला की चालायचं. पहिल्या दिवशी घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत, म्हणजे सव्वाशे पावलं, आम्हाला चाळीस मिनिटं लागली. बाल्कनीतून एकानं विचारलं, ‘काका, गाडी बंद पडली काय?’ म्हटलं, पहिल्या गिअरला आहे. तीन आठवड्यांत दुसरा पडला.

आवाजांचंही सांगायला पाहिजे. आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची यात्रा, गल्लीगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी घेऊन टेंबलाईच्या टेकडीकडं मिरवणुका निघतात आणि पुढं पी-ढबाक हा पारंपरिक बाजा वाजतो. मला तो आवाज लहानपणापासून प्यारा. बुरण्या मात्र न्हाणीघरात शिरला तो रात्रीच बाहेर आला, लघवीसुद्धा तिथंच. मी त्याला ओढून दारात आणणार होतो, सवय व्हावी म्हणून. सुनेनं अडवलं, तिचंच बरोबर होतं. पुढच्या मंगळवारी मिरवणूक दोन गल्ल्या लांब असताना आम्ही गच्चीवर बसलो. आवाज आला की फुटाणा, आवाज थांबला की फुटाणाही बंद. त्यानं तरी ऐकायचं आणि खायचं एवढं जमवलं. गणपतीच्या डॉल्बीला असली कुठलीच युक्ती चालत नाही. त्या दिवसांत जिन्याखालची जागा, दार बंद, पंखा जोरात. दिवाळीत तेच. माणसांनाही तीच शिफारस करीन.

खाण्याबद्दल थोडक्यात. आपल्या गावात रविवारी ज्याच्या घरी मटण नाही त्याला लोक विचारतात बरं नाही का. शेजारच्या वैनी प्रेमानं नळ्या आणून द्यायच्या, वर रश्शात भिजवलेली भाकरी. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या होतात आणि त्या आतडं फाडू शकतात. कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा, आणि तांबडा रस्सा म्हणजे कांदा-लसणाचाच. चॉकलेट, मनुका, द्राक्षंही नकोत. वैनींना हे सांगताना मला अवघड झालं होतं. त्या म्हणाल्या, ‘मग आमच्या बारक्यानं त्याला वाढदिवसाचा केक दिला त्येचं काय?’ त्या रात्री मी जागाच होतो. सुदैवानं काही झालं नाही.

डिसेंबरमध्ये आपल्याच पत्रव्यवहारात रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या एका वाचकानं लिहिलं होतं, की कुत्री घेऊन येणारे लोक घाण तशीच टाकून जातात आणि कुत्री अंगावर उड्या मारतात. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी घाण उचलतो, त्यासाठी आपल्या दैनिकाचा आदल्या दिवशीचा अंक वापरतो, क्षमा असावी. अंगावर उडी मारण्यावर आमचा उपाय असा, की चारही पाय जमिनीवर असतील तरच कुणी त्याच्याशी बोलायचं, उडी मारली की पाठ फिरवायची. पण यात रस्त्यावरच्या लोकांचीही मदत लागते. एक जण पाठ फिरवतो आणि दुसरा ‘आलं माझं सोनं’ म्हणत दोन्ही पंजे छातीवर घेतो, मग कुत्र्यानं काय शिकायचं? रेबीजची लस मात्र कुणाच्या मदतीवर सोडायची गोष्ट नाही. बुरण्याच्या पुस्तकात पहिल्या लसीनंतर पान कोरं होतं. आल्याच्या पाचव्या दिवशी आम्ही ती टोचून घेतली आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.

महापालिकेनं एखाद्या बागेच्या कोपऱ्याला कुंपण घालून पहाटे दोन तास कुत्र्यांना मोकळं सोडायला दिलं, तर रंकाळ्यावरची गर्दीही कमी होईल आणि पोरांचं कासऱ्यावाचून भागेल. पण ते होईल तेव्हा होईल. माझं मुख्य सांगणं जाहिरात देणाऱ्यांना आहे. आपलं कुत्रं आठ-दहा महिन्यांचं असेल, शिकवलेलं विसरलं असेल, घर फोडत असेल, आणि आपण जाहिरातीचा मजकूर जुळवत असाल, तर तो मजकूर सहा महिने खिशात ठेवा. त्या सहा महिन्यांत रोज पंधरा मिनिटं बारदान, पंधरा मिनिटं सैल दोर आणि दुपारची झोप एवढं करून बघा. आणि तरीही द्यायची वेळ आलीच, खरोखरच अडचण असते लोकांना, तर जाहिरातीत ‘बदलीमुळे’ लिहू नका. काय फाडतं, कशाला घाबरतं, कुणाला चावलंय का, हे सरळ लिहा. घेणाऱ्याला पहिल्या तीन आठवड्यांत फसवल्यासारखं वाटलं की तो ते तिसऱ्याला देतो, आणि तिसरा जोतिबाच्या रस्त्याला सोडून येतो.

बुरण्या आता पंधरा महिन्यांचा आहे. सात वाजता अजूनही कधी कधी अंगात येतं. नातवाच्या बाहीला दात लागून दोन महिने झाले. उरलेली उजवी चप्पल मी त्यालाच देऊन टाकली, तर तिला तोंडही लावत नाही.

कापलेल्या जाहिरातींपैकी एका नंबरवर मी तीन रविवारांपूर्वी फोन केला. दहा महिन्यांचं नर लॅब्रॅडॉर. फोनवर तरुण मुलगा होता, पंचवीस-तिशीतला. मी म्हटलं, मला कुत्रं नको, पण बघायला येऊ का? त्याला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. तरी गेलो, कासरा आणि फुटाणे घेऊन. तासभर त्यांच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं झाडासारखे उभे राहिलो. निघताना त्यानं कासरा ठेवून घेतला, पैसे देऊ करत होता, मी घेतले नाहीत. त्यानंतरच्या दोन रविवारी ती जाहिरात आपल्या अंकात आलेली नाही. कुत्रं राहिलं की कुणी नेलं, हे विचारायला फोन करायचा अजून माझा धीर झालेला नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त एस. टी. चालक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर